शेवटचा रकाना

“जरा हा पाय धरता का?”

धाकटी त्याच्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे. प्रेमकथेची सुरुवात याहून बरी व्हायला हरकत नव्हती. पण जिन्याच्या मधल्या पायरीवर चपलेचा अंगठा तुटलेला, एका हातात फायलींचा गठ्ठा आणि दुसऱ्या काखेत गुडघ्याखालचा एक कृत्रिम पाय, तोही मोज्या-बुटासकट... अशा वेळी माणूस शब्द निवडत बसत नाही. समोरून कुणीतरी वर येत होतं. तिने पाय पुढे केला.

त्याने तो दोन्ही हातांनी, अगदी सांभाळून घेतला. उंच, जरासा वाकून चालणारा, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चष्म्यावर पावसाचे चार थेंब.

“धरतो की,” तो म्हणाला. “पण इतक्या लवकर? अजून तर माझ्या हातून काही चूकसुद्धा झालेली नाही.”

धाकटीने हसू ओठातच दाबलं. “होईल. इथे सगळ्यांच्या हातून होतात.”

“तुमच्यासुद्धा?”

ती वाकून चपलेचा अंगठा बघत होती, म्हणून तिचा चेहरा त्याला दिसला नाही. बरंच झालं. कारण त्या प्रश्नाने तिच्या काळजात चर्र झालं होतं, आणि पहिल्याच भेटीत काळजातलं कुणाला दिसू नये.

ती संस्था कृत्रिम हातपाय बनवून द्यायची. खाली कारखाना, वर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, आणि दोहोंच्या मध्ये, जिन्याला लागून, नोंदणीची खोली. त्या खोलीत ही बसायची. ऑफिसात तिला नोंदणीताई म्हणत, पण घरी थोरल्या बहिणीच्या पाठची म्हणून ती जन्मापासून धाकटी. तिशी आली तरी धाकटीच. आपणही तिला तेच म्हणू.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. ज्याला हात किंवा पाय हवा तो संस्थेच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा. नाव, वय, फोन, कोणता अवयव, डावा की उजवा, केव्हा गेला. असे दिवसाला चाळीस-पन्नास फॉर्म. प्रत्येक फॉर्म धाकटीच्या मेलमध्ये येऊन पडायचा. ती तो उघडायची, वाचायची आणि तीन ठिकाणी उतरवायची: एकदा संस्थेच्या नोंदीत, एकदा डॉक्टरीणबाईंच्या यादीत, एकदा खाली कारखान्याच्या यादीत. हे करताना तिच्या नाकी नऊ यायचे. पण फॉर्मच्या तळाशी एक शेवटचा रकाना होता, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ असा, आणि तो वाचल्याशिवाय ती कधी पुढे गेली नाही. कुणी लिहायचं, ‘मुलगी चालायला लागली आहे, तिच्या मागे धावायचं आहे.’ कुणी लिहायचं, ‘तिसऱ्या मजल्यावर राहतो. चार महिन्यांत खाली उतरलो नाही.’ अशांना ती स्वतःहून फोन करायची. ते तिच्या कामात बसत नव्हतं, पण कुणाची तिला अडवायची छाती नव्हती.

आणि चूक? ती वर्षापूर्वी झाली होती. एका माणसाचा डावा पाय तिने कारखान्याच्या यादीत उजवा लिहिला. एकच शब्द. खाली मिस्त्रीकाकांनी उजव्या पावलाची सगळी जुळणी करून ठेवली. तो माणूस नऊ तासांचा प्रवास करून कुबड्यांवर आला आणि तसाच परत गेला. उलट जाता जाता हसून म्हणाला, “असू द्या हो ताई, बाजू चुकली, पाय तर मिळाला.” त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी धाकटीला घास गिळवला नाही. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. प्रत्येक फॉर्म तीनदा वाचायचा, आणि नियम करायचा तर असा, की त्यातून चुकीला डोकंसुद्धा वर काढता येऊ नये. हे हातानं उतरवणं बंद करा, असा धोशाही डॉक्टरीणबाईंच्या मागे तिनेच लावला होता.

त्या धोशाचं फळ म्हणजे जिन्यात भेटलेला तो. तीन महिन्यांच्या करारावर आलेला. मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी “या पाहुणे, चहा घ्या” म्हटलं आणि तेच नाव त्याला चिकटलं. पाहुणा.

पाहुण्याची खुर्ची नोंदणीच्या खोलीतच ठेवली गेली. दुसरी जागाच नव्हती, यात कुणाचा काही डाव नव्हता.

“हे बघा,” तो कागदावर रेघा ओढत समजावू लागला. “इकडे माणसानं फॉर्म भरला. दर पाच मिनिटांनी माझा प्रोग्राम जाऊन बघणार, नवा कोण आलाय. आला की त्याचा एकेक रकाना उचलायचा आणि थेट माहितीच्या मोठ्या कोठारात, ज्याच्या त्याच्या कप्प्यात. डावा तो डावाच राहणार. मग डॉक्टरीणबाईंची यादी, कारखान्याची यादी, सगळ्या त्या कोठारातूनच निघणार. मध्ये कुणाचा हात लागणार नाही.”

“आणि शेवटचा रकाना?”

“तो तर मी मोजला नव्हता... त्यात लोक काहीही लिहितात ना.”

“काहीही नाही लिहीत. तेच खरं लिहितात.” धाकटी जरा फणकाऱ्यानेच म्हणाली. “तो गाळलात तर तुमचं कोठार मला नको.”

पाहुण्याने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाला, “तो पहिला घेतो.”

शिवाय तिने आणखी एक हट्ट पुरा करून घेतला. फॉर्म पाठवल्यावर माणसाला वाटतं, विहिरीत दगड टाकला. म्हणून प्रत्येकाला लगेच, आपोआप एक निरोप जायला हवा. तो निरोप तिने स्वतः लिहिला: ‘तुमचा फॉर्म पोचला. आम्ही तो वाचला की तुम्हाला फोन करू.’

काम सुरू झालं तसे चाचणीचे फॉर्म येऊ लागले. पाहुणा स्वतःच फॉर्म भरायचा आणि ते कोठारात नीट उतरतात का बघायचा. पहिल्या दिवशी त्याने नावाच्या रकान्यात ‘चाचणी एक’, ‘चाचणी दोन’ असं लिहिलं. धाकटीने नाक मुरडलं.

“खोटा माणूस तरी जरा नीट बनवा! अशा नावानं कुणी येतं का?”

“बरं. नीट बनवतो.”

दुसऱ्या दिवशीपासून नीट माणसं येऊ लागली. एक निवृत्त सर्कसवाला. एक घड्याळजी, ज्याला वेळेवर कुठे पोचता येत नव्हतं. धाकटी वाचून हसायची. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ‘कोणता अवयव’ या प्रश्नाला त्याची सगळी माणसं एकच उत्तर द्यायची: ‘लागू नाही’. हे उत्तर त्याने चाचणीपुरतं फॉर्मच्या उत्तरांत घालून घेतलं होतं.

“डावा-उजवा निवडा की,” ती म्हणाली. “खोटीच तर माणसं आहेत.”

पाहुणा ओशाळला. “माहीत आहे हो. पण... खोट्या माणसाचासुद्धा पाय काढून घ्यायला माझा हात होत नाही. डाव्या-उजव्याची चाचणी मी जुन्या फॉर्मांवर करतो. माझी माणसं धडधाकट राहू देत.”

 धाकटी खिडकीबाहेर बघत बसली. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो, हे तिला त्या मिनिटाला कळलं. लोकांना डोळे आवडतात, आवाज आवडतो. हिला हे आवडलं.

मग एक दिवस यादीत एक नवा पेशंट आला. वय एकतीस. अवयव, लागू नाही. शेवटच्या रकान्यात: ‘दोन्ही पाय ठीक आहेत. पण नोंदणीच्या खोलीत शिरताना लटपटतात. इलाज आहे का?’

पाहुणा समोरच्या खुर्चीत स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला होता. कान मात्र लाल.

कोठारात कार्यालयाच्या शेऱ्यासाठी एक कप्पा होता. धाकटीने त्यात टाइप केलं: ‘पेशंटला रोज यावं लागेल. एका भेटीत फरक पडणार नाही.’

पाच मिनिटांनी समोरून खोकल्याचा आवाज आला. खोकला कसला, हसू होतं ते.

असं ते चालायचं. तोंडाने बोलायचे ते कामाचं, आणि तेही अहो-जाहो करत. उरलेलं सगळं त्या रकान्यात. लिहिताना पाहुणा भलताच धीट होता, समोर आला की त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एकदा आठवडाभर झड लागली. अशा हवेत प्लास्टर वाळत नाही, म्हणून कारखाना थंड होता आणि मिस्त्रीकाका पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजत होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. फळीवर ओले पांढरे पाय ओळीने उभे. धाकटी आणि पाहुणा शेडच्या कडेला उभे राहिले, दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. तेवढ्यात वाऱ्याने पावसाचा झोत आत आला, तशी ती बाजूला सरली आणि तिचा खांदा त्याच्या दंडाला टेकला. झोत गेला. खांदा तिथेच राहिला.

“मी... मला असं...” पाहुणा म्हणाला.

“काय?”

“नाही... म्हटलं, प्लास्टर वाळायला किती दिवस लागतील?”

“ते काकांना विचारा!” धाकटी म्हणाली आणि रागावून निघून गेली. पण त्या रागात गोडी किती होती म्हणता! घरी गेल्यावर थोरल्या बहिणीने तिचा चेहरा बघून विचारलं, “काय गं, आज स्वारी अशी हवेत का?” धाकटीने सगळं सांगून टाकलं. ताईपासून तिने कधी काही लपवलं नव्हतं.

“मग बोलत का नाही तो?” ताईने विचारलं.

“बोलेल गं. वेळ लागतो त्याला.”

पण तेवढा वेळ उरला नव्हता. इथलं काम संपलं की त्याला दोन वर्षांसाठी परदेशी जायचं होतं. ते आधीच ठरलेलं होतं, आणि दोघांनाही माहीत होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी घोटाळा झाला. पाहुण्याच्या खोट्या माणसांपैकी तो घड्याळजी थेट कारखान्याच्या यादीत जाऊन बसला होता. मिस्त्रीकाकांनी साचा घ्यायला प्लास्टर भिजवलं आणि तासभर त्याची वाट बघितली. प्लास्टर बादलीतच दगड झालं. डॉक्टरीणबाई तडक नोंदणीच्या खोलीत आल्या.

“चेष्टा पुरे झाली. हे कोठार उद्यापासून खरं चालणार. चाचणीचा एकही फॉर्म मला आत दिसता कामा नये.”

“नियम घालतो, बाई,” पाहुणा म्हणाला. त्याने घातलाही. ज्या नावात ‘चाचणी’ असेल तो फॉर्म कोठारात न जाता बाजूला पडेल. त्या बाजूच्या जागेला तो अडगळ म्हणायचा. आधीचे सगळे चाचणीचे फॉर्मही त्याने उचलून अडगळीत टाकले. मग खालून त्याला निरोपाच्या चहाला हाका आल्या आणि तो गेला.

धाकटी स्क्रीनसमोर एकटी राहिली. तिच्या मनात आलं, नावात ‘चाचणी’ तर फक्त पहिल्या दिवशीच्या फॉर्मात आहे. तो घड्याळजी कुठे सापडला असता या नियमात? उद्या याच्या जागी दुसरा कुणी आला, त्याने असलेच फॉर्म भरले, आणि पुन्हा कुणाची बादली दगड झाली तर? किंवा त्याहून वाईट काही? तीन महिन्यांत नियम कसा लिहायचा ते पाहुण्याने तिला शिकवलं होतं. खऱ्या पेशंटचा कुठला ना कुठला अवयव असतोच. तेव्हा तिने खाली दुसरी ओळ जोडली: ज्यात अवयव ‘लागू नाही’ असेल, तोही अडगळीत. ते उत्तर फॉर्ममधूनच काढायचं वेबसाइटवाल्यांनी कबूल केलं होतं, पण त्यांना अजून आठवडा हवा होता. तेवढ्यापुरती ही ओळ. तिने जुने फॉर्म लावून बघितले. सगळी खोटी माणसं बरोबर बाहेर पडली. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. पाहुण्याला दाखवायचं असं ठरवून ती खाली गेली.

खाली त्याच्याभोवती गराडा होता. गाडी दारात उभी होती. ती जवळ गेली तेव्हा नियमबियम डोक्यातून पार निघून गेलं.

“मग... निघालात,” ती म्हणाली.

“निघालो. तीन दिवसांनी विमान.” तो बॅगेचा पट्टा उगाच सारखा करत राहिला. “काही... सांगायचं राहिलं असेल तर...”

“तर?”

“तर फॉर्म भरीन. वाचाल ना?”

“मी सगळेच वाचते,” धाकटी म्हणाली. “तुम्ही भरा तर खरा.”

तो हसला. ती हसली. मिस्त्रीकाका मागून म्हणाले, “पाहुणे, गाडीवाला खोळंबलाय.” आणि पाहुणा गेला.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊ लागली. फॉर्म आता मेलवर येत नव्हते, रात्रीतून आलेले कोठारात नीट मांडून ठेवलेले असायचे. ती एकेक शेवटचा रकाना वाचायची. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीतही जागची उठली नाही. चौथ्या दिवशी तिला वाटलं, प्रवासात असेल. आठव्या दिवशी, कामाला लागला असेल, नवी जागा, नवी माणसं. महिना झाला तेव्हा मात्र सबबी संपल्या.

“तूच कर ना फोन,” ताई म्हणाली.

“मी का करू? त्याने सांगितलं होतं, राहिलं असेल तर फॉर्म भरीन. काही राहिलंच नसेल त्याचं.”

“अगं, मानापमानाची ही वेळ आहे का?”

“मान नाही गं, ताई...” धाकटी म्हणाली. “तीन महिने त्याची करमणूक झाली आणि मी ती खरी धरून बसले. आता फोन करून तेच त्याच्या तोंडून ऐकू?”

 ताईने धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं आणि खूप वेळ थोपटत राहिली. त्यानंतर त्या घरात पाहुण्याचा विषय निघाला नाही.

काम मात्र उत्तम चाललं. डावा डावा राहिला, उजवा उजवा. उतरवण्याचे तास वाचले ते धाकटी फोनवर घालवू लागली. तिसऱ्या मजल्यावरचा तो माणूस खाली उतरला, त्याने रस्त्यावरून फोन करून तिला गाड्यांचे आवाज ऐकवले. लोक म्हणायचे, नोंदणीताईंसारखी बाई नाही. धाकटी हसायची. हसता येत होतं तिला. फक्त सकाळी यादी उघडताना छातीत एक कळ यायची, आणि शेवटचा फॉर्म वाचून झाला की ती जायची. याचीही सवय होते.

चौदा महिने असे गेले. मग सगळी माहिती नव्या मशीनवर न्यायचं ठरलं आणि त्यासाठी एक नवा माणूस आला. पोक्त, टक्कल पडलेला, दर तासाला बायकोला फोन करणारा. एक दिवस जेवणाच्या आधी तो म्हणाला, “ताई, इथे एक अडगळ म्हणून तक्ता आहे. दोनशे तेरा नोंदी. वर्षभरात कुणी उघडलेला दिसत नाही. पुसून टाकू ना?”

“थांबा,” धाकटी म्हणाली. न बघता पुसणं तिच्या रक्तात नव्हतं. “आधी मी बघते. एखादा खरा पेशंट चुकून पडला असला तर?”

तिने तक्ता उघडला. सर्कसवाला होता. घड्याळजी होता. लटपटत्या पायांचा एकतीस वर्षांचा इसम होता, आणि त्याच्यापुढे तिचा स्वतःचा शेराही. ती एकेक नोंद बघत खाली येत होती, ओठांवर हसू होतं आणि डोळे भरत होते. दोनशे बारा. सगळी खोटी.

दोनशे तेराव्या नोंदीच्या तारखेला ती अडखळली. पाहुणा गेल्याच्या तिसऱ्या दिवसाची तारीख. नावाच्या रकान्यात त्याचं स्वतःचं, खरं, पूर्ण नाव. अवयव: लागू नाही. आणि शेवटचा रकाना काठोकाठ भरलेला.

‘हा फॉर्म चाचणीचा नाही. समोर बोलायला जमलं नाही. रोज ठरवून यायचो आणि रोज भलतंच काहीतरी विचारायचो. आता सामान बांधून झालं आहे, खोलीत खुर्चीसुद्धा उरली नाही, पेटीवर बसून लिहितो आहे. मला तू हवी आहेस. आयुष्यभर हवी आहेस. दोन वर्षं तिकडे काढावी लागतील. थांबशील? उत्तर हो असेल तर फोन कर, नंबर हाच राहील. नाही असेल तर काही करू नकोस. मी समजून घेईन आणि पुन्हा कधी त्रास देणार नाही. तुझं तू घाई न करता ठरव. छे, खोटं का लिहू, मला फार घाई आहे. पहिल्यांदाच तू म्हणतो आहे, रागावू नकोस.’

त्याखाली मशीनने नोंदवलं होतं: पोच पाठवली. म्हणजे त्याच मिनिटाला त्याच्या फोनवर तिचं वाक्य गेलं होतं. ‘तुमचा फॉर्म पोचला. आम्ही तो वाचला की तुम्हाला फोन करू.’

तो फोनची वाट बघत विमानात बसला असेल. उतरल्यावर पहिल्यांदा फोन बघितला असेल. मग रोज बघितला असेल. आणि एक दिवस बघायचं सोडलं असेल.

आणि हे केलं कुणी? दुसऱ्या कुणी नाही. त्याच्या नियमाने हा फॉर्म सुखरूप आत आला असता, त्यात ‘चाचणी’ कुठेच नव्हतं. खालची ओळ तिची होती. पुन्हा चूक होऊ नये म्हणून तिने घातलेली. खोट्या माणसाचाही पाय काढून न घेणारा तो, स्वतःचं लिहिताना तरी दुसरं काय निवडणार होता?

“ताई, बरं वाटत नाही का?” नव्या माणसाने विचारलं. “पाणी आणू?”

“नको. तुम्ही जेवून या.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “वरच्या दोनशे बारा पुसा. शेवटची राहू द्या.”

तो गेला. धाकटीने नंबर लावला. विचार केला असता तर तिने लावला नसता, म्हणून तिने विचार केला नाही. तिकडे सकाळ असेल, एवढंच तिच्या मनात आलं.  सगळं सांगायचं होतं तिला. आत्ता वाचला म्हणायचं होतं, चौदा महिन्यांचा माझा प्रत्येक दिवस तुझ्यावाचून गेला म्हणायचं होतं, आणि अजून दोन वर्षं पुरी झालेली नाहीत, मी थांबलेलीच आहे म्हणायचं होतं.

“हॅलो?”

“मी... नोंदणीतून बोलतेय.”

 पलीकडून हळूच, “अरे... तुम्ही! बोला ना. कशा आहात?”

तो पुन्हा तुम्हीवर गेला होता. धाकटीने ओठ आवळले.

“बरी आहे. तुमचं कोठार नव्या मशीनवर नेतायत. म्हटलं...”

मागून एका बाईचा आवाज आला, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा, मोकळा, प्रेमळ. “अहो, कुणाचा फोन? चहा गार होतोय तुमचा.”

“जुन्या ऑफिसातला गं! आलोच.” मग फोनमध्ये, जरा चाचरत, “लग्न झालं माझं. पाच महिने झाले. कळवणार होतो, पण... कसं कळवावं कळेना.”

“अभिनंदन,” धाकटी म्हणाली. शब्द स्पष्ट निघाला, कुठे तडा गेला नाही. “चांगल्या आहेत ना त्या?”

“फार चांगली आहे.” त्याने क्षणभर थांबून आवाज उतरवला. बहुधा तो दुसऱ्या खोलीत आला असावा. “आता तुम्हीच फोन केलाय तर एक विचारू? खरं सांगा हं. मी एक फॉर्म पाठवला होता, निघायच्या दिवशी. तो... वाचला होतात ना?”

खरं तिच्या जिभेवर होतं. तिच्या हक्काचं होतं ते. एक वाक्य बोलली असती तर तिची छाती हलकी झाली असती. पण मग ते ओझं गेलं असतं कुठे? तिकडे, गार होत चाललेल्या चहापाशी. जी बाई तिला ओळखतही नव्हती तिच्या घरात. पाहुण्याला आयुष्यभर एक होकार सांभाळत बसावं लागलं असतं, ज्याचं त्याला आता काहीही करता येणार नव्हतं.

“वाचला होता,” धाकटी म्हणाली.

“कधी?”

“तेव्हाच. आला त्याच दिवशी.”

“अच्छा...” तो म्हणाला.

“मला जमणार नव्हतं. फोन करून तसं सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. तेवढ्यासाठीच आज केला. माफ करा मला.”

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

“बरं केलंत,” तो म्हणाला. “फार बरं केलंत. काय झालं होतं सांगू? पोचलाच नसेल का, हे डोक्यातून जाईना. माझ्याच हातची जोडणी, तिच्यातच काही चुकलं असेल का... लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी तेच मनात. हिला कधी बोललो नाही. आज सुटलो बघा.”

“जोडणीत काही चुकलेलं नव्हतं,” धाकटी म्हणाली. “तुमचं काम चोख होतं.”

“तुम्ही सुखात आहात ना?”

“आहे.”

“मग ठेवू?”

“ठेवा. चहा गार होईल.”

फोन बंद झाला. खालून कारखान्यातून कानशीचा आवाज येत होता, वर डॉक्टरीणबाई कुणाला तरी चार पावलं चालून दाखवायला सांगत होत्या. धाकटीने उठून दार लोटून घेतलं. फोन अजून तिच्या हातात होता, काळा, मुका. तिने तो कानाला लावला.

“हो,” ती म्हणाली. मग रडू फुटलं आणि पुढचं नीट बोलताही येईना, तरी ती बोलली. “हो रे. थांबले असते. दोन काय, दहा वर्षं थांबले असते.”